कोरडा कालवा

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो परगण्यातलं काँग हे गाव आपल्या आठवडी बाजाराच्या गावाहूनही लहान. 1951 साली इथं 'द क्वाएट मॅन' या सिनेमाचं शूटिंग झालं. जॉन वेन येऊन गेला त्याला इतकी वर्षं लोटली, तरी गाव अजून त्याच्यावर पोट भरतंय. जावयांनी हौसेनं त्याच्या पुतळ्यापाशी उभं करून माझा फोटो काढला.

नदीकाठी बाराव्या शतकातला मठ आहे. आयर्लंडचा शेवटचा सम्राट रुअरी ओ'कॉनर अखेरीस इथंच येऊन राहिला आणि 1198 मध्ये वारला. नदीवर साधूंची दगडी खोली, तिच्या जमिनीला भोक. मासा गावला की दोरी ओढून मठातल्या स्वयंपाकघरात घंटा वाजवायची, असं सांगतात. साधू झाले तरी पोटाची सोय बघूनच बसले होते म्हणायचे!

पण माझा पाय अडकला तो कालव्यापाशी. ताशीव दगडांच्या भिंती, बोटी वर-खाली करायच्या दगडी कोठ्या, सगळं जागच्या जागी. तळाला मात्र गवत. 1845 पासून इथं बटाट्यावर करपा पडला. दहाएक लाख माणसं मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. मास्क आणि कॉरिब ही दोन तळी जोडायला 1848 मध्ये हे काम निघालं. उपाशी माणसांनी खडक फोडला. खडक चुनखडीचा, नुसती चाळण, पाणी ठरेना. त्यात रेल्वेही आली. 1854 मध्ये काम सोडून दिलं. पावसाळी महिन्यांत पाणी दिसतं, एरवी खडखडाट.

1972 ला आमच्या आईनं अशीच खडी फोडली. मुकादमाची हजेरी, दुपारची सुकडी, रेशनला अमेरिकेचा लाल मिलो. आई म्हणायची, "भाकर थापाया गेलं की तुटतीया, बाबा." इथल्या लोकांनाही सरकारनं अमेरिकेचाच पिवळा मका आणून दिला होता, नीट शिजला नाही की पोटात कळा यायच्या. आईनं ज्या सडकेसाठी खडी फोडली, ती आमच्या माळावर मधेच संपते. पुढं बाभळी.

जवळच अ‍ॅशफर्डचा किल्लेवजा वाडा आहे. कालव्याचं काम चालू होतं तेव्हाच, 1852 मध्ये, तो गिनेस या बिअरवाल्या घराण्यानं विकत घेतला.

मी कालव्यात उतरून भिंतीवर हात फिरवत होतो. वरून जावई हाका मारत होते, "मामा, चला, वाडा बघायचा राहिलाय."