रेडिएटरमधली हळद

हिंगोली जिल्ह्यात हळद उदंड पिकते. वसमतची आणि हिंगोलीची हळदीची बाजारपेठ सर्वांना ठाऊक आहे. या हळदीचा एक उपयोग मात्र शेतीच्या पुस्तकांत सापडत नाही. जुन्या जीपच्या रेडिएटरला बारीकसे भोक पडले आणि गॅरेज दूर असले, की जुने ड्रायव्हर रेडिएटरचे झाकण काढून मूठभर हळद आत टाकतात. थोडा वेळ इंजिन चालू ठेवले की थेंब थांबतात आणि गाडी मुक्कामी पोचते. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावसारख्या, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणापासून आत असलेल्या गावांत अशा युक्त्यांना मोल असते. रात्री-अपरात्री आजारी माणसाला हिंगोलीला न्यायचे असेल तर दारात उभी असलेली जुनी गाडीच कामाची, आणि नेमकी तिच्याखालीच ओला डाग दिसतो.

हळदीने गळती खरोखर थांबते का? थांबत असेल तर कशी? आणि काही गाड्यांमध्ये हाच उपाय इंजिनाच्या मुळावर का येतो? याची उत्तरे देताना आम्हांला असे दिसले, की गळती कुठे आहे हे गाडी कोणत्या काळातली आहे यावर बरेच अवलंबून असते. इंजिन थंड करण्याच्या पद्धतीत जी जी सुधारणा झाली, तिने जुनी अडचण दूर केली आणि पाण्याला बाहेर पडायला एक नवी वाट करून दिली. म्हणून आधी थोडा इतिहास पाहू या.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन जळते तेव्हा तेथील वायूंचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. ओतीव लोखंड याच्या कितीतरी आधी वितळते. इंधनातून निघालेल्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक-तृतीयांश वा त्याहून कमी उष्णतेचे काम होते, साधारण तेवढीच धुरावाटे जाते, आणि उरलेली सिलिंडरच्या भिंतींतून काढून घ्यावी लागते. ती काढली नाही तर तेल जळते, पिस्टन फुगून अडकतो आणि इंजिन ‘सीज’ होते.

कार्ल बेंझ याने १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारीत यासाठी केलेली सोय अगदी साधी होती. सिलिंडरभोवती पाणी होते. ते उकळत असे आणि वाफ हवेत निघून जात असे. वर्गात अप्रकट उष्म्याचा धडा शिकवताना हे उदाहरण द्यायला हरकत नाही. एक किलो पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे २९३ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्याची वाफ करायला आणखी २२५७, म्हणजे जवळजवळ पावणेआठ पट. त्यामुळे उकळणारे पाणी उष्णता झपाट्याने काढून नेते. खोट एवढीच, की पाणी संपत जाते. बेंझची पत्नी बेर्था १८८८ च्या ऑगस्टमध्ये आपल्या दोन मुलांना घेऊन याच प्रकारच्या गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे शंभरेक किलोमीटर गेली, तेव्हा वाटेत मिळेल तिथून पाणी घेत तिला पुनःपुन्हा भरावे लागले. या गाडीचे पाणी ‘गळते’ का, असे विचारण्यात अर्थच नव्हता. ते जाण्यासाठीच भरलेले असे.

तेच पाणी पुन्हा वापरायचे तर ते थंड करून परत आणायला हवे. विल्हेल्म मायबाख याने १९०० साली डाइमलर कंपनीच्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर तयार केला. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८०७० चौकोनी नळ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि नळ्यांच्या मधल्या फटींतून पाणी. पृष्ठभाग वाढला की उष्णता लवकर बाहेर पडते, हे तत्त्व आपल्याला माहीत आहे. अवघ्या ९ लिटर पाण्यावर एवढे मोठे इंजिन थंड राहू लागले. पण आठ हजार नळ्या म्हणजे हजारो सांधे, आणि प्रत्येक सांधा डाग देऊन, म्हणजे कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूने जोडलेला. मोटारीतली गळती खऱ्या अर्थाने इथे जन्माला आली.

आपल्याकडे मात्र या रोगाचा वैद्य आधीपासून होता. तांब्या-पितळेच्या भांड्यांना नवसागर लावून कथलाची कल्हई करणारे कारागीर गावोगाव फिरत असत. पितळी रेडिएटरला डाग देणे हे त्याच कुळातले काम. धातू घासून स्वच्छ करायचा, ऑक्साइडचा थर रसायनाने काढायचा आणि कथील-शिशाचा रस सांध्यात ओढून घ्यायचा. हा मिश्रधातू सुमारे १८३ अंशांपासून वितळू लागतो. पितळाला त्या उष्णतेने काहीच होत नाही. तालुक्याच्या गावी ‘रेडिएटरवाला’ म्हणून ज्याची पाटी असे, त्याची सगळी विद्या या तापमानाच्या फरकावर उभी होती.

यानंतरचा प्रश्न पाणी फिरवायचे कसे, हा. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत (१९०८ ते १९२७) सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर पंपच नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढे, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरे. अभिसरणाचा हा नमुना सुंदर आहे, पण मोठ्या इंजिनांना तो पुरेना. म्हणून पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंप आला. त्याबरोबर फिरत्या दांड्याभोवतीचे सीलही आले आणि गळतीला दुसरी वाट मिळाली. पंपाखाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. सील खराब झाले की तिथून थेंब पडू लागतात. काही उत्साही मंडळी हे भोक बुजवतात. मग पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि चालत्या गाडीत पंप जागीच अडकतो.

आता आपल्या भागाकडे येऊ. गोरेगावचा हा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या रेल्वेखात्याने १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली होती. मुंबईत १९४७ पासून महिंद्र कंपनीने जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे खेडोपाडी मोटार म्हणजे जीप असे समीकरण झाले. १९९० च्या दशकात मराठवाड्याच्या रस्त्यांवर काळी-पिवळी जीप आणि ट्रॅक्स यांनीच निम्मी माणसे वाहिली, असे म्हटले तरी जुन्या प्रवाशांना ते फारसे खोटे वाटणार नाही. मोटारगाड्यांत फियाट, म्हणजे मुंबईच्या कुर्ल्यात तयार होणारी प्रीमिअर पद्मिनी. घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट हे आपल्याकडचे नेहमीचे दृश्य होते. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये या जातीची शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली. खासगी मालकांकडे मात्र पद्मिनी अजूनही आहेत.

बॉनेट उघडणारा माणूस घाईने ज्या झाकणाला हात घालतो, ते झाकण या इतिहासातले सर्वांत हुशार आणि सर्वांत धोकादायक अंग आहे. पूर्वी रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण होते. साधारण १९३० च्या दशकापासून त्यात स्प्रिंगची झडप बसू लागली. तत्त्व घरच्या प्रेशर कुकरचेच, म्हणजे १६७९ साली दनी पापँ याने दाखवलेले. हिंगोलीचा परिसर समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पाचशे मीटर उंच असल्याने इथे उघड्या भांड्यातले पाणी ९८.५ अंशांच्या आसपासच उकळते. झाकणाने सुमारे एक वातावरण जादा दाब धरून ठेवला की तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी जितके गरम तितकी ते वाऱ्याला उष्णता लवकर देते, म्हणून रेडिएटर लहान करता आला.

पण तापलेल्या गाडीचे झाकण एकदम उघडले तर काय होईल? गणित करून पाहू. रेडिएटर आणि इंजिनात मिळून ८ किलो पाणी १२० अंशांवर आहे असे धरा. दाब सुटताच ते १०० अंशांवर येईल आणि त्यात ८ × ४.२ × २०, म्हणजे ६७२ किलोज्यूल उष्णता मोकळी होईल. तिच्यामुळे सुमारे ०.३ किलो पाण्याची वाफ होते. वजनाला क्षुल्लक, पण आकारमानाने ही वाफ जवळजवळ ५०० लिटर भरते, आणि बाहेर येताना उकळते पाणी सोबत घेऊन येते. चेहरा आणि हात भाजलेले कितीतरी ड्रायव्हर या ५०० लिटरांचे बळी आहेत. अर्धा तास थांबणे, वरच्या नळीला हात लावता येईल इतकी गाडी निवू देणे, याला पर्याय नाही. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणे हाही तसाच अविचार. ओतीव लोखंड एका बाजूने आकसते आणि तडकते.

दाबामुळे गळतीचे स्वरूपही बदलले. गाडी थंड असताना कोरडी दिसणारी चीर दाब चढला की पाणी सोडते. म्हणून गळती शोधणाऱ्याला दाब लागतो, पण उष्णता नको असते. गॅरेजमध्ये यासाठी हातपंप असतो. थंड गाडीच्या झाकणाच्या जागी तो बसवायचा, झाकणावर लिहिलेला असेल तेवढाच दाब द्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटे काट्याकडे पाहत बसायचे. काटा उतरला नाही तर बिघाड झाकणाच्याच झडपेत असण्याची शक्यता धरावी. ते झाकणही त्याच पंपावर तपासता येते. काटा उतरला तर बॅटरी घेऊन ओल शोधायची. हा पंप नसला तर रेडिएटर काढून, तोंडे बुजवून, सायकलच्या ट्यूबसारखा पाण्यात बुडवून हलकी हवा भरतात. बुडबुडा जागा दाखवतो.

अनुभवी मिस्त्री त्याआधी डोळ्यांनीच अर्धे काम करतो. पाणी वाळले तरी क्षार मागे राहतात, त्यामुळे चिरेभोवती पांढरा, गंजकट किंवा कूलंटच्या रंगाचा ओघळ दिसतो. रबरी नळ्या क्लिपपाशी कडक होऊन चिरतात. तिथे दोन बोटे कापून नळी पुन्हा बसवली तरी काही काळ भागते. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टिकल्या ठोकून बसवलेल्या असतात, त्या आतून गंजतात.

आणि बाहेर कुठेच ओल नसताना पाणी कमी होत असेल तर मात्र सावध व्हावे. तेव्हा पाणी बहुधा इंजिनाच्या आत जात असते. हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट फुटले की थंड इंजिन चालू करताच रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येतात, धूर पांढरा आणि ओलसर निघत राहतो, कधी तेल दुधाच्या चहासारखे दिसते. अशी गाडी पुढे दामटू नये. हेड उतरवून त्याची पातळी सरळ पट्टीने तपासावी लागते. ते वाकले असेल तर नवे गॅस्केटही टिकत नाही.

मराठवाड्यात आणखी एक कारण पाण्यातच आहे. इथल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी दुष्फेन. तापले की त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार थर धरतात, चहाच्या भांड्यात धरतात तसेच. अरुंद नळ्या बुजतात, गाडी तापते, दाब वाढतो आणि सगळ्यात कच्चा सांधा सुटतो. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ असे म्हणून कूलंट टाळणारे पुष्कळ आहेत. ग्लायकॉल १९२० च्या दशकात मोटारींसाठी आले ते थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून, हे खरे. पण आजच्या कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात आणि आपल्याला गरज आहे ती त्यांची. लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड आणि मधे क्षारयुक्त पाणी, हा एक विद्युत्‌घटच झाला. त्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. डबीवर सांगितलेल्या प्रमाणात कूलंट आणि ऊर्ध्वपातित पाणी मिसळावे. एक गोष्ट मात्र घरातल्या सर्वांना सांगून ठेवावी. एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहरी असते. मोठ्या माणसालाही शंभरेक मिलिलिटर जीवघेणे ठरू शकते. गाडीखालचे थारोळे कुत्रा किंवा वासरू चाटू शकते, काढलेले कूलंट पाण्याच्या बाटलीत ठेवले तर मूल पिऊ शकते. थारोळे माती टाकून उचलावे.

आता हळद. हळदीच्या भुकटीत बराच भाग स्टार्चचा असतो. गरम पाण्यात स्टार्चचे कण फुगतात आणि चिकट होतात. पाणी भोकाकडे धावते तेव्हा हे कण सोबत जातात, भोकात अडकतात, आणि बाहेरच्या वाऱ्याने तिथेच वाळून बूच बनते. बाजारात मिळणारी गळतीरोधक द्रव्येही, घटक वेगळे असले तरी, अशीच भोकात अडकून काम करतात. चीर मोठी असेल, नळी फाटली असेल किंवा गॅस्केट गेले असेल तर अर्थातच हळदीचा उपयोग नाही.

पण हळदीला भोक कोणते आणि नळी कोणती हे कळत नाही. पाणी जिथे मंद वाहते तिथेही ती बसते. जुन्या पितळी रेडिएटरमध्ये याचे फारसे बिघडत नसे. रेडिएटरवाला डाग वितळवून वरची टाकी काढी, प्रत्येक नळीतून पातळ पोलादी पट्टी फिरवून गाळ ढकलून देई आणि टाकी पुन्हा डाग देऊन बसवी. १९७० च्या दशकापासून परदेशांत आणि पुढे आपल्याकडेही ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर क्षणात परत येतो, नेहमीचा डाग त्याला धरत नाही. प्लॅस्टिकची टाकी रबरी पट्टी घालून पत्रा दुमडून बसवलेली असते. ती एकदा उघडली की पुन्हा तशीच घट्ट बसेल याची खात्री नसते. अशा रेडिएटरमध्ये हळद गेली तर ती काढायला पट्टी घालता येत नाही. थंड इंजिनातले सगळे पाणी सोडून, स्वच्छ पाणी उलट्या दिशेने, म्हणजे खालच्या नळीतून वर, पिवळेपणा जाईपर्यंत सोडत राहणे एवढेच हाती असते, आणि तेही हळद वाळून घट्ट होण्याच्या आत, मुक्कामी पोचल्याच्या दिवशीच केलेले बरे.