वळिवड्याचीं घरें

करवीर नगरींत इतिहासप्रसिद्ध इमारतींची वाण नाहीं. स्थापत्यविशारद मेजर मॅंट यांच्या आराखड्यानुसार उभारलेला टाऊन हॉल, १८८४ सालीं पुरा झालेला नवा राजवाडा, रंकाळ्याच्या कांठचा शालिनी पॅलेस, हीं नांवें शाळेंतील मुलांसही ठाऊक आहेत. पाहुणा आला म्हणजे आपण त्यास प्रथम तिकडेच नेतों. परंतु शहराच्या पूर्वेस, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या बाजूस, गांधीनगर नांवाचें जें उपनगर आहे, तेथें कापडखरेदीस जाणारे किती जण तेथल्या जुन्या घरांकडे नजर टाकीत असतील? महोत्सवाच्या या निमित्तानें आम्ही वाचकांस त्या साध्या घरांकडे नेऊं इच्छितों. कारण आपल्याच श्रद्धेच्या हजारों बांधवांनीं तेथें आसरा घेतला होता.

१९३९ च्या सप्टेंबरांत पोलंड देशावर पश्चिमेकडून जर्मनीनें व पूर्वेकडून सोव्हिएट रशियानें स्वारी केली. पुढें १९४० व १९४१ या सालीं पूर्व पोलंडमधील असंख्य कुटुंबांस घरांतून उठवून सैबेरिया व कझाकस्तान या दूरच्या मुलखांत धाडण्यांत आलें. १९४१ च्या जुलैमध्यें उभय सरकारांत करार झाला, तेव्हां त्यांची सुटका झाली. आणि १९४२ सालीं जनरल आंडर्स यांच्या सैन्यासोबत बायकामुलांचे तांडे इराणांत उतरले. पुरुष पुढें रणांगणावर गेले. मागें राहिलेल्यांनीं जावें कोठें? नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं बालाचडी येथें सुमारें हजार मुलांस आश्रय दिला. त्याहून मोठी वसाहत १९४३ सालीं कोल्हापूरजवळ वळिवडे येथें उभी राहिली. इराणांतून समुद्रमार्गें कराचीस व तेथून आगगाडीनें असा प्रवास करून सुमारें पांच हजार माणसें तेथें येऊन राहिलीं.

त्यांचीं घरें म्हणजे एका ओळींत बांधलेल्या लांबच लांब कौलारू बराकी. भाग पाडून कुटुंबागणिक खोल्या केलेल्या. त्यांत ना कमान, ना मनोरा, ना नक्षी. तरी वसाहतींत शाळा होत्या, इस्पितळ होतें, नाट्यगृह होतें आणि ख्रिस्तमंदिरही होतें. ज्यांना उद्यांची शाश्वती नव्हती त्यांनीं मुलांचें शिक्षण आणि देवाची उपासना या दोन गोष्टी खंडूं दिल्या नाहींत, हें आम्हांस फार मोलाचें वाटतें. त्या काळीं रोमन विधीची मिस्सा जगभर लॅटिन भाषेंत होत असे. म्हणून पोलंडची आई आणि आपल्याकडील आई परस्परांशीं चार शब्द बोलूं शकल्या नसत्या, तरी वेदीपुढें दोघींच्या कानीं पडणारे शब्द एकच होते.

युद्ध संपलें, परंतु पोलंडच्या सीमा बदलल्या आणि यांपैकीं बहुतेकांचीं गांवें रशियाच्या हद्दींत गेलीं. परतावयास घर उरलें नाहीं. १९४७-४८ च्या सुमारास वसाहत हळूहळू मोडली व लोक इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इत्यादि देशांत पांगले. तोंच १९४७ ची फाळणी झाली, आणि त्याच बराकींत सिंधमधून निर्वासित होऊन आलेलीं हिंदु कुटुंबें राहावयास आलीं. केवढा योगायोग! पोलिश लोक कराचीवरून वळिवड्यास आले, आणि त्यांच्या मागोमाग ज्यांनीं तीं घरें वसविलीं त्यांनीं तर कराचीचाच प्रांत कायमचा गमावला होता. सिंधी बांधवांनीं कष्टानें तेथें बाजारपेठ उभारली. तेंच आजचें गांधीनगर.

व्यापार वाढला, पक्कीं घरें झालीं, आणि जुन्या बराकींपैकीं आतां फारच थोड्या उरल्या आहेत. याबद्दल कोणास बोल लावतां येत नाहीं. राहत्या माणसानें आपलें घर सुधारावें हें योग्यच. मात्र घर गेलें म्हणून आठवणही जावी असें नाहीं. वसाहतींत वाढलेलीं मुलें म्हातारपणींही कोल्हापूर विसरलीं नाहींत. त्यांच्या संघानें १९९८ सालीं महावीर उद्यानांत स्मारकस्तंभ उभारला; २०१७ सालीं वॉर्सा शहरींही कोल्हापूरच्या नांवें स्मारक झालें. सात समुद्रांपलीकडील लोक आपल्या गांवाचें नांव दगडावर कोरतात, आणि आपल्याच मुलांस तें कां कोरलें हें ठाऊक नसावें, ही गोष्ट आपणांस शोभणारी नाहीं.

जे परतलेच नाहींत त्यांच्या कबरी कोल्हापुरांतील ख्रिस्ती दफनभूमींत आहेत. त्यांच्यापाशीं मेणबत्ती लावावयास नातलग येणें कठीण. आमची धर्मग्रामांतील कुटुंबांस एवढीच विनंती आहे कीं, २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनीं आपल्या माणसांच्या कबरींवरून परततांना मुलांस त्या कबरींकडे न्यावें, वर कोरलेलीं नांवें जमतील तशीं वाचावीं, आणि चिरशांतीची प्रार्थना करावी. बाळ येशूस घेऊन पवित्र मरिया व योसेफ मिसर देशीं गेलीं, तेव्हां तेथें कोणीतरी त्यांस छप्पर दिलेंच असेल. त्या घराचा मागमूस आज नाहीं. पण आसरा दिल्याचें पुण्य थोडेंच नाहींसें झालें? वळिवड्याच्या घरांचें मोल आम्हीं याच मापानें मोजलें पाहिजे.