जुन्या चरसाची साक्ष

केंब्रिजच्या वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड या तीन रसायनशास्त्रज्ञांनी १८९६ साली लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात चरसावरचा निबंध प्रसिद्ध केला. चरसाच्या अर्काचे कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन केल्यावर त्यांच्या हाती एक दाट, तांबूस तेल लागले होते. त्याला त्यांनी कॅनाबिनॉल असे नाव दिले आणि भांगेच्या झाडाची नशा त्यातच आहे असे मानले. केंब्रिजच्याच सी. आर. मार्शल यांनी १९ फेब्रुवारी १८९६ रोजी काचेच्या कांडीच्या टोकावरून ०.१ ते ०.१५ ग्रॅम तेल स्वतः घेऊन पाहिले आणि आलेला अनुभव पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवला. तेल नशा आणत होते यात शंका उरली नाही.

तीन वर्षांनी त्या तिघांनीच आपले आधीचे म्हणणे दुरुस्त केले. तांबूस तेल एकजिनसी नव्हते. त्यातून स्फटिकरूप संयुगाच्या वाटेने जो शुद्ध पदार्थ वेगळा काढता आला, त्याच्या रेणूत २१ कार्बन, २६ हायड्रोजन आणि २ ऑक्सिजन अणू होते. कॅनाबिनॉल हे नाव त्यांनी आता या पदार्थापुरते ठेवले. त्याची नेमकी रचना १९४० मध्ये अमेरिकेत रॉजर अ‍ॅडम्स आणि इंग्लंडमध्ये अलेक्झांडर टॉड यांच्या कामातून पक्की झाली. पण नशेचे कोडे सुटायला १९६४ साल उजाडले. त्या वर्षी इस्राएलमध्ये गाओनी आणि मेशुलम यांनी हशिशातून टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे टीएचसी, शुद्ध रूपात वेगळे करून त्याची रचना मांडली. त्यात २१ कार्बन, ३० हायड्रोजन आणि २ ऑक्सिजन.

फरक चार हायड्रोजन अणूंचा, आणि या जुन्या कागदांकडे पुन्हा वळावेसे वाटते ते त्यामुळेच. ताज्या झाडात कॅनाबिनॉल जवळजवळ नसते. झाडात मुळात टीएचसीचे आम्ल तयार होते, वाळवताना आणि तापवताना त्याचे टीएचसी होते आणि टीएचसीवर हवेची क्रिया होत गेली की कॅनाबिनॉल उरते. म्हणजे या वनस्पतीतला जो पदार्थ विज्ञानाने सर्वांत आधी शुद्ध करून नाव देऊन ठेवला, तो साठवणुकीत घडलेला होता. केंब्रिजचा निबंध लिहिणाऱ्यांना त्याची कल्पना असणे शक्य नव्हते, तरी त्यांच्या नमुन्याच्या वयाची नोंद त्यात आपोआप झाली आहे.

इथे एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. कॅनाबिनॉल ऊर्ध्वपातनाच्या उष्णतेनेच तयार झाले नसेल कशावरून? थोडेफार तसे झालेही असेल. पण ऊर्ध्वपातन कमी दाबाखाली केले होते, तेव्हा भांड्यात हवा फार थोडी. वेगळे काढता येण्याइतके कॅनाबिनॉल चरसात आधीपासूनच असावे, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. त्या काळी भारतात विकला जाणारा चरस बहुतांशी यारकंदहून यायचा. काराकोरमचे घाट ओलांडून लेहमार्गे पंजाबात, तिथून व्यापाऱ्याच्या कोठारात, आणि इंग्लंडला जायचा असेल तर पुढे जहाजाने. एवढा प्रवास केलेला माल परीक्षानळीत पडेपर्यंत ताजा राहिला असेल, असे मानायला आधार नाही.

तो साठवणुकीत नेमका कशाने बदलला, हे सांगणारा महत्त्वाचा कागद १९७६ चा आहे. लंडन विद्यापीठातील फेअरबेर्न, लीबमन आणि रोअन यांनी सुकलेला गांजा, राळ आणि अर्क वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवून तपासले. सर्वांत जास्त नुकसान प्रकाशाने केले, थेट ऊन नसतानाही, आणि द्रावणांचे तर फारच. वीस अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानाचा परिणाम नगण्य निघाला. हवेने होणारे नुकसान मात्र लक्षणीय होते. राळेने भरलेल्या सूक्ष्म ग्रंथी न फुटता राहिल्या तर हे नुकसान कमी होते, कारण प्रत्येक ग्रंथी स्वतःच एक भरलेली, बंद कुपी असते. काळजीपूर्वक तयार केलेला माल अंधारात, खोलीच्या तापमानाला ठेवला तर एक-दोन वर्षे बऱ्यापैकी टिकतो, हा त्यांचा निष्कर्ष.

त्याच निबंधातली आणखी एक नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. अंधारात हवेमुळे टीएचसी घटले की कॅनाबिनॉल वाढते. प्रकाशामुळे घटले तर कॅनाबिनॉल वाढत नाही. म्हणजे प्रकाशाने केलेल्या नासाडीचा मागमूस कॅनाबिनॉलच्या रूपाने उरत नाही. मग केंब्रिजच्या चरसाबद्दल एवढे निश्चित म्हणता येते, की त्यात सापडलेले कॅनाबिनॉल उजेडाची करणी नव्हती. ते मुख्यतः बंद बोचक्यात, ढेकळांच्या आत, हवेच्या संथ क्रियेने झाले असावे.

ही फूटपट्टी हाती आली की १८९३-९४ च्या भारतीय भांग आयोगाचे सात खंड वेगळ्या नजरेने वाचता येतात. मॅकवर्थ यंग अध्यक्ष असलेल्या या आयोगाने ११९३ साक्षीदारांची मते घेतली. सभासदांत कलकत्त्याचे रसायनतज्ज्ञ वॉर्डन होते; मुंबई सरकारच्या औषध भांडाराचे प्रमुख विल्यम डायमॉक यांच्याबरोबर ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ लिहिणारे ते हेच. आयोगाला ओढ होती ती अबकारी उत्पन्नाची आणि व्यसनाच्या परिणामांची. तरीही साठवणुकीचा तपशील त्यांच्या कागदांत शिरलाच. राजशाहीतल्या नौगाव इथला आणि खांडव्याचा गांजा सरकारी देखरेखीखालच्या गोदामांत, म्हणजे गोल्यांत, ठेवला जाई. बंगाली गांजाचे तीन प्रकार होते: पायाखाली तुडवून केलेला चपटा, वळून केलेला गोल, आणि काड्या काढून टाकलेला चूर. काडीचे वजन नाही म्हणून चुरावर कर सर्वांत जास्त, चपट्यावर सर्वांत कमी. लंडनचा निष्कर्ष या यादीशेजारी ठेवला तर चुरातल्या ग्रंथी सर्वांत जास्त फुटलेल्या असणार आणि हवाही त्यालाच जास्त लागणार. सरकार ज्याला सर्वांत कसदार समजून कर घेत होते, तोच प्रकार गोदामात सर्वांत लवकर निःसत्त्व होत असावा. हे आयोगाने म्हटलेले नाही. दोन कागद शेजारी ठेवून मी केलेले हे अनुमान आहे.

गोल्याला कुलूप होते ते चोरट्या विक्रीच्या धास्तीने. पण बंद दाराने उजेडही बाहेर राहिला, आणि त्या काळच्या शेतमालाच्या मानाने ही साठवण वाईट नव्हती. लंडनमध्ये मात्र औषधविक्रेत्यांच्या फळीवर बाटल्यांत अर्क आणि टिंक्चर उभे असे. द्रावण आणि उजेड, हीच ती सर्वांत वाईट जोडी. एका बाटलीने रुग्ण गुंगतो, दुसरीने काहीच होत नाही, ही डॉक्टरांची तक्रार शतकाअखेर वाढत गेली. अमेरिकेत कुत्र्यांवर चाचणी करून अर्काची ताकद ठरवायची वेळ आली, आणि १९३२ मध्ये ब्रिटिश फार्माकोपियातून हे औषध वगळले गेले. त्यामागे इतर कारणे होतीच. पण औषधाच्या बदनामीचा मोठा वाटा बाटलीच्या काचेचा असावा, असे मला वाटते.

नुकसानीचा वेग किती, याचे उत्तर मिसिसिपी विद्यापीठातील रॉस आणि एलसोहली यांच्या आकड्यांत आहे. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या गांजातले टीएचसी एका वर्षात १६.६ टक्के घटले, दोन वर्षांत २६.८, तीन वर्षांत ३४.५ आणि चार वर्षांत ४१.४. पहिल्या वर्षाची घट सर्वांत मोठी आहे. कॅनाबिनॉल आणि टीएचसी यांच्या प्रमाणावरून नमुन्याचे वय काढण्याची पद्धतही त्यांनी मांडली. मात्र ती उजेडात पडून राहिलेल्या मालाला लावली तर फसगत होईल, कारण तिथे टीएचसी जाते आणि कॅनाबिनॉल त्या मानाने वाढत नाही.

चीनमधील तुर्फानजवळच्या यांगहाई थडग्यांत सुमारे २७०० वर्षांपूर्वीचा ७८९ ग्रॅम गांजा मिळाला. २००८ मध्ये त्याचे विश्लेषण प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात टीएचसी उरलेले नव्हते, कॅनाबिनॉल होते. पुरताना त्या झाडात टीएचसी भरपूर असावे, हा संशोधकांचा निष्कर्ष बराचसा त्यावर उभा आहे. थडगे कोरडे होते आणि तिथे उजेड पोहोचत नव्हता, म्हणून तो काढता आला.