लिव्होर्नो बंदराचें एक कोरीव चित्र व त्याचें प्रामाण्य

जुन्या कागदांच्या संग्राहकांस चित्र म्हणजे केवळ पोथीची शोभा वाटते. प्रस्तुत लेखकाचीहि दीर्घकाळ तीच समजूत होती. ती सोडावयास लावणाऱ्या एका चित्राचा येथें थोडक्यांत विचार करावयाचा आहे. फ्लॉरेन्सचा चित्रकार स्तेफानो देल्ला बेल्ला (इ. स. १६१०–१६६४) यानें इ. स. १६५४–५५ च्या सुमारास इटलींतील लिव्होर्नो बंदराचे सहा देखावे कोरले. त्यांपैकींच हें एक होय.

(१) कृति. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन त्यावर सुईनें रेघा काढतात व पत्रा तेजाबांत बुडवितात. जेथें लेप निघाला तेथेंच तांबें झिजतें. मग त्या रेघांत शाई भरून ओल्या कागदावर ठसा घेतात. लेखणीसारखी मोकळी रेघ हा या कृतीचा गुण. परंतु ठसा पत्र्याच्या उलट उमटतो. कारागिरानें मूळ पत्र्यावरच उलटें काढलें नसेल तर डावें तें उजवें होतें. अशा चित्रावरून स्थलनिर्णय करणारानें हें ध्यानांत ठेवावें.

(२) विषय. धक्क्यावर ग्रँड ड्यूक फर्डिनांड पहिला याचा पुतळा व त्याच्या पायाशीं सांखळदंडांनीं जखडलेले चार मूर आहेत. पुतळा बान्दिनीनें संगमरवराचा घडविला. मूर पिएत्रो ताक्का यानें इ. स. १६२३–२६ मध्यें कांशाचे ओतले. लिव्होर्नोच्या बंदिशाळेंतील गुलामांवरून ताक्कानें नमुने घेतले, असें चरित्रकार बाल्दिनुच्ची लिहितो. सेंट स्टीफनच्या लढाऊ संघाचीं जहाजें तुर्की गलबतें लुटून आणीत. पकडलेल्या माणसांस वल्हीं मारावीं लागत.

(३) प्रामाण्य. चित्र डोळ्यांनीं दिसतें म्हणून तें प्रत्यक्ष प्रमाण नव्हे. तो एका साक्षीदाराचा शब्द आहे. म्हणून वक्ता आप्त आहे कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. देल्ला बेल्ला मेडिची घराण्याचा आश्रित होता. धन्याची निंदा त्याच्या मनांत नसावी. मूर दाखविले ते गौरव म्हणून, आणि म्हणूनच ती साक्ष बळकट ठरते.

केवळ कागद पाहिले तर निराळें लिव्होर्नो दिसतें. याच फर्डिनांडनें इ. स. १५९१ व १५९३ च्या सनदांनीं परकीय व्यापाऱ्यांस, विशेषतः यहुद्यांस, वस्तीची व धर्माची मोकळीक दिली. एकास सनद व दुसऱ्यास सांखळी, हीं दोन्ही एकाच धक्क्यावर होतीं. कागद पहिली सांगतो, चित्र दुसरी.

(४) आपल्याकडील धागा. चित्रांत न दिसणारा एक माल आपल्या परिचयाचा आहे : पोंवळें. श्रीमती फ्रान्चेस्का त्रिवेल्लातो यांनीं इ. स. २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, लिव्होर्नोचे यहुदी व्यापारी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत पोंवळीं लिस्बनमार्गें गोव्यास धाडीत व बदल्यांत हिरे घेत, हें पत्रव्यवहारावरून दाखविलें आहे. गोव्यांत त्यांचा व्यवहार कामत घराण्यांतील सारस्वत व्यापाऱ्यांशीं असे. पत्रें पोर्तुगीज भाषेंत. जात, धर्म, नातें यांपैकीं कांहींच समान नव्हतें. तरी विश्वास चालला. आपल्या जुन्या याद्यांत पोंवळ्यांची माळ आढळल्यास ती कोणत्या धक्क्यावरून आली असेल, हा प्रश्न त्यामुळें सुचतो.

(५) संग्राहकांस विनंति. असे ठसे चौकटींत बसविण्यासाठीं त्यांची कड कापण्याची चाल आहे. कर्त्याचें नांव, वर्ष व प्रकाशकाचा उल्लेख बहुधा त्या कडेंतच असतो. कागदाचें जलचिन्ह पाठीशीं खळ लावल्यानें झांकतें. पत्राची मोर्तब कापून मजकूर जपणारास आपण काय म्हणूं? चित्राचेंहि तेंच आहे.