गिटार इफेक्ट पेडलची घरगुती बांधणी

गिटार इफेक्ट पेडलची घरगुती बांधणी म्हणजे विद्युत गिटारच्या ध्वनीत बदल घडवणारे, पायाने चालू-बंद करता येणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण सुटे भाग जोडून स्वतः तयार करणे होय. असे उपकरण गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्या दरम्यान जोडले जाते. बूस्टर, फझ, ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन हे प्रकार घरी सर्वाधिक बनवले जातात. यांतील साधी सर्किटे दहा-पंधरा सुट्या भागांत पूर्ण होतात आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सचे औपचारिक शिक्षण नसलेल्या वादकालाही ती समजून घेता येतात. प्रत्येक भागाचे मूल्य बदलल्यास होणारा परिणाम थेट कानाला ऐकू येतो, हे या छंदाचे वैशिष्ट्य मानले जाते.

इतिहास

गिटारचा ध्वनी हेतुतः विकृत करणाऱ्या पहिल्या व्यावसायिक पेडलचा उगम एका बिघाडात आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे गायक मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ (१९६१) या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिश्रणयंत्राचा एक मार्ग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांनी वाजवलेल्या बेस गिटारचा आवाज खरखरीत उमटला. तो तसाच ठेवण्यात आला. हा आवाज पुन्हा हवा अशी मागणी होऊ लागल्यावर ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी रेव्हिस हॉब्स यांच्या साहाय्याने ट्रान्झिस्टरवर चालणारे सर्किट तयार केले. गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये ‘मॅस्ट्रो एफझेड-१ फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतात कीथ रिचर्ड्स यांनी ते वापरल्यानंतर फझ ध्वनी सर्वत्र परिचित झाला.

इंग्लंडमध्ये गॅरी हर्स्ट यांचे ‘टोन बेंडर’ (१९६५) आणि आर्बिटर कंपनीचे ‘फझ फेस’ (१९६६) ही पेडले आली. अभियंता रॉजर मेयर यांनी जिमी हेंड्रिक्स यांच्यासाठी तयार केलेले ‘ऑक्टेव्हिया’ हे उपकरण ‘पर्पल हेझ’ (१९६७) या गीतात ऐकू येते. न्यू यॉर्कमध्ये माइक मॅथ्यूज यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचे ‘एलपीबी-१’ हे एकाच ट्रान्झिस्टरचे बूस्टर होते.

ही सर्व सर्किटे लहान होती आणि त्यांतील भाग रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळत असत. त्यामुळे त्यांच्या प्रती घरी बनवणे शक्य झाले. क्रेग अँडरटन यांच्या ‘इलेक्ट्रॉनिक प्रोजेक्ट्स फॉर म्युझिशियन्स’ (१९७५) या पुस्तकाने संगीतकारांसाठी सर्किटे, भागांच्या याद्या आणि बांधणीच्या सूचना एकत्र आणल्या. पुढे इंटरनेटच्या प्रसारानंतर आर. जी. कीन यांच्यासारख्या अभियंत्यांनी फझ फेस, ट्यूब स्क्रीमर आदी पेडलांच्या सर्किटांचे तपशीलवार विश्लेषण सर्वांसाठी खुले केले.

कार्यतत्त्व

विद्युत गिटारच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. हा संकेत साधारणतः व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. शक्तिशाली पिकअपवर जोरात आघात केल्यास तो क्षणभर १ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो.

बूस्टर हा संकेत केवळ मोठा करतो. फझ, ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन या प्रकारांत संकेत इतका मोठा केला जातो की त्याच्या लाटेचे माथे सर्किटच्या मर्यादेला लागून कापले जातात. या क्रियेला क्लिपिंग म्हणतात. लाटेचा आकार बदलल्यामुळे मूळ स्वराच्या वारंवारितेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारितांचे अधिस्वर त्यात मिसळतात आणि आवाज भरीव किंवा खरखरीत होतो.

क्लिपिंगसाठी अनेकदा परस्परविरुद्ध दिशेने जोडलेले दोन डायोड वापरतात. सिलिकॉन डायोड सुमारे ०.६ व्होल्टवर, जर्मेनियम डायोड सुमारे ०.३ व्होल्टवर आणि लाल एलईडी सुमारे १.७ व्होल्टवर वहन सुरू करतो. म्हणून डायोड बदलताच आवाजाची पातळी आणि पोत दोन्ही बदलतात. लाटेच्या दोन्ही बाजू सारख्याच कापल्या गेल्यास विषम पटीचे अधिस्वर वाढतात. एक बाजू अधिक कापली गेल्यास सम पटीचेही अधिस्वर येतात. १९७७ च्या बॉस ओडी-१ या पेडलमध्ये एका दिशेला दोन आणि दुसऱ्या दिशेला एक डायोड ठेवून अशी असमान कापणी साधली होती.

उदाहरण : एका ट्रान्झिस्टरचे बूस्टर

नवशिक्यांसाठी एलपीबी-१ या बूस्टरचे सर्किट प्रथम सुचवले जाते. त्यात पुढील भाग असतात :

• एनपीएन ट्रान्झिस्टर, उदा. २एन५०८८ : १
• रेझिस्टर (रोध) : ४३० किलोओहम, ४३ किलोओहम, १० किलोओहम आणि ३९० ओहम, प्रत्येकी १
• कपॅसिटर (धारित्र), ०.१ मायक्रोफॅरड : २
• पोटेन्शिओमीटर (पॉट), १०० किलोओहम : १

४३० आणि ४३ किलोओहमचे रेझिस्टर बॅटरीचे ९ व्होल्ट विभागून ट्रान्झिस्टरच्या बेसला सुमारे ०.८ व्होल्ट देतात. बेस आणि एमिटर यांच्यातील सुमारे ०.६ व्होल्ट वजा जाता एमिटरवर सुमारे ०.२ व्होल्ट उरतात. त्यामुळे ३९० ओहमच्या रेझिस्टरमधून साधारण अर्धा मिलिअँपिअर धारा वाहते. जवळजवळ तेवढीच धारा १० किलोओहममधून वाहताना सुमारे ५ व्होल्ट खर्ची पडतात आणि कलेक्टरवर ४ ते ५ व्होल्ट मिळतात. हा बिंदू बॅटरीच्या दाबाच्या साधारण मध्यावर असल्यामुळे लाटेला वर आणि खाली दोन्हीकडे जागा मिळते.

कलेक्टर व एमिटर यांच्या रेझिस्टरांचे गुणोत्तर (१०,००० भागिले ३९०) सुमारे २५ येते. आदर्श स्थितीत संकेत तितक्या पटीने वाढतो. बाजारात ४३० आणि ४३ किलोओहमचे रेझिस्टर न मिळाल्यास ४७० आणि ४७ किलोओहमची जोडी चालते, कारण दोन्ही जोड्यांचे गुणोत्तर एकच असल्याने बेसवरील दाब बदलत नाही.

आगत बाजूचा कपॅसिटर बॅटरीचा एकदिश दाब गिटारपर्यंत जाऊ देत नाही आणि खालच्या स्वरांची सीमाही ठरवतो. ०.१ मायक्रोफॅरड मूल्यास ही सीमा सुमारे ५० हर्ट्झ, म्हणजे गिटारच्या सर्वांत खर्जातील तारेच्या ८२ हर्ट्झ या स्वराच्या खाली येते. तेथे ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास सीमा सुमारे ५०० हर्ट्झवर जाते, खर्ज क्षीण होतो आणि तेच सर्किट तीव्र स्वर उठावदार करणारे ट्रेबल बूस्टर बनते.

बांधणी

सर्किट प्रथम ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डरिंग न करता भाग खोचून जोडता येणाऱ्या फळीवर, तपासले जाते. समाधानकारक आवाज मिळाल्यावर ते छिद्रांच्या तयार पट्टीवर किंवा मुद्रित सर्किट पट्टीवर सोल्डर करतात. मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील बुधवार पेठ येथील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत रेझिस्टर, कपॅसिटर आणि सामान्य ट्रान्झिस्टर सुटे मिळतात.

पेटीसाठी ओतीव ॲल्युमिनिअमचा डबा पसंत केला जातो. तो पायाचा भार सोसतो आणि सर्किटच्या भूतारेशी (ग्राउंडशी) जोडल्यास बाहेरील विद्युत गोंगाटापासून संरक्षण देतो. पेटीला दोन जॅक, पॉट, पायाचा स्विच, एलईडी आणि वीजपुरवठ्याची खोबण यांसाठी छिद्रे पाडली जातात.

पायाच्या स्विचला सामान्यतः नऊ टोके असतात. त्यात तीन स्वतंत्र स्विच एकत्र चालतात. पहिला गिटारचा संकेत वळवतो, दुसरा सर्किटमधून बाहेर येणारा संकेत निवडतो आणि तिसरा एलईडी लावतो. पेडल बंद असताना संकेत सर्किटला स्पर्श न करता सरळ पुढे जातो. या रचनेला ट्रू बायपास म्हणतात. मात्र केबलची धारिता दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते. अनेक पेडले आणि लांब केबली एकामागून एक जोडल्यास ट्रू बायपास असूनही तीव्र स्वर मंदावतात. अशा वेळी बफर नावाचे सर्किट उपयोगी पडते.

बॅटरी वाचवण्यासाठी गिटारच्या बाजूला तीन टोकांचा स्टीरिओ जॅक वापरतात. बॅटरीचे ऋण टोक जॅकच्या मधल्या टोकाला जोडलेले असते. साधा मोनो प्लग आत गेल्यावर ते टोक भूतारेशी जोडले जाऊन पुरवठा सुरू होतो. वाजवून झाल्यावर केबल काढली नाही तर बॅटरी संपत राहते.

दोषशोधन

पहिल्या प्रयत्नात पेडल न वाजणे ही सर्वसाधारण बाब आहे. कच्चा सोल्डर जोड, शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये पसरलेले सोल्डर, उलटा लावलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टरच्या पायांचा चुकलेला क्रम ही नेहमीची कारणे आहेत. भारतात सहज मिळणारा बीसी५४७ हा ट्रान्झिस्टर २एन५०८८ च्या जागी वापरता येतो. परंतु सपाट बाजू समोर धरल्यास २एन५०८८ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे असतात, तर बीसी५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर असे असतात. म्हणून तो फिरवून लावावा लागतो.

तपासणी दोन प्रकारे होते. मल्टीमीटरने ट्रान्झिस्टरच्या तिन्ही पायांवरील दाब मोजून तो अपेक्षित मूल्यांशी ताडून पाहतात. दुसऱ्या पद्धतीत ॲम्प्लिफायरला जोडलेल्या केबलच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून त्याच्या मोकळ्या टोकाने संकेताच्या मार्गावरील एकेक बिंदू तपासला जातो. पेडल व ॲम्प्लिफायर यांच्या भूतारा त्या वेळी एकमेकींशी जोडलेल्या असाव्या लागतात. आवाज ज्या बिंदूनंतर नाहीसा होतो, त्याच्या लगेच पलीकडे दोष असतो.

जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा प्रश्न

फझ फेसच्या सर्किटमध्ये दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट असे अवघे अकरा भाग आहेत. तरीही त्याची प्रत बनवणे एलपीबी-१ पेक्षा कठीण जाते. सुरुवातीच्या फझ फेसमध्ये जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते. त्यांचे प्रवर्धन नगागणिक बदलते, त्यांतून गळतीची धारा वाहते आणि ती तापमानाबरोबर वाढते. त्यामुळे थंड खोलीत चांगले वाजणारे पेडल उन्हात ठेवल्यास बिघडल्यासारखे वाजू शकते. ट्रान्झिस्टर मोजून निवडणे आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर सुमारे ४.५ व्होल्ट येतील असा रेझिस्टर लावणे, हा त्यावरील उपाय आहे. नंतरच्या फझ फेसमध्ये वापरलेले बीसी१०८ सारखे सिलिकॉन ट्रान्झिस्टर अधिक स्थिर असून त्यांचा आवाज अधिक तीव्र असतो.

जर्मेनियम फझ फेसमध्ये पीएनपी ट्रान्झिस्टर असल्याने बॅटरीचे धन टोक भूतारेला जोडलेले असते. बहुतेक इतर पेडलांत ऋण टोक भूतारेला असते. दोन्ही प्रकार एकाच सामाईक वीजपुरवठ्यावर जोडल्यास केबलींमधून तो पुरवठा शॉर्ट होतो. अशा पेडलला स्वतंत्र बॅटरी देणे सुरक्षित ठरते.

सुरक्षितता

९ व्होल्टच्या सर्किटपासून विजेचा धक्का बसण्याचा धोका जवळजवळ नसतो. मात्र घरातील विजेवर थेट चालणारी उपकरणे आणि व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर यांत शेकडो व्होल्टचा दाब असतो. ॲम्प्लिफायरमधील मोठे कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भारित राहू शकतात. त्यामुळे पेडल बांधण्याचा अनुभव अशा उपकरणांच्या दुरुस्तीस पुरेसा नसतो.

कथील व शिसे यांच्या मिश्रणाचे सोल्डर हाताळल्यावर हात धुणे, धूर श्वासात न जाऊ देणे आणि पत्रा छिद्रताना डोळ्यांवर चष्मा लावणे आवश्यक आहे. तांब्याची पट्टी कोरण्यासाठी वापरले जाणारे फेरिक क्लोराइड त्वचेला अपायकारक असून वापरानंतर ते मोरीत ओतू नये.

प्रती आणि कायदा

सर्किटमागील कल्पनेला प्रताधिकाराचे संरक्षण मिळत नाही. त्यासाठी पेटंट असावे लागते आणि त्याची मुदत साधारणतः २० वर्षे असते. मुद्रित पट्टीची रेखाकृती, पेडलचे नाव, बोधचिन्ह आणि विशिष्ट रूप यांना मात्र वेगळे कायदेशीर संरक्षण असू शकते. काही निर्माते सर्किटवर अपारदर्शक इपॉक्सी ओतून ते झाकतात. बिल फिनेगन यांनी १९९४ पासून विकलेले ‘क्लॉन सेंटॉर’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. छंदिष्टांनी इपॉक्सी काढून त्याचे सर्किट उलगडले आणि त्याच्या असंख्य प्रती तयार झाल्या. २०२४ मध्ये फिनेगन यांनी बेरिंजर या निर्मात्यांविरुद्ध अमेरिकेत दावा दाखल केला, तो मुख्यतः व्यापारचिन्ह आणि पेडलचे रूप यांसंबंधी होता.

मर्यादा आणि महत्त्व

घरी बांधलेले पेडल नेहमी स्वस्त पडतेच असे नाही. सोल्डरिंग यंत्र, मल्टीमीटर, पेटी आणि पायाचा स्विच यांचा खर्च सर्किटमधील भागांपेक्षा बराच जास्त असतो. प्रतिध्वनी निर्माण करणारी डिले पेडले पीटी२३९९ या आयसीच्या साहाय्याने घरी बनवली जातात, परंतु त्यांना ५ व्होल्टचा नियंत्रित पुरवठा आणि अधिक काटेकोर मांडणी लागते.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या छंदाचे मोल बचतीपेक्षा समजुतीत आहे. विभाजित विद्युतदाब, प्रवर्धन, वारंवारितेची सीमा आणि डायोडचे वहन या पाठ्यपुस्तकातील संकल्पना येथे मोजताही येतात आणि ऐकताही येतात.

हे सुद्धा पहा

• विद्युत गिटार
• ट्रान्झिस्टर
• डायोड
• ॲम्प्लिफायर
• जिमी हेंड्रिक्स