कोकेन, पान आणि मेंदूचा नळ

मी सोलापूरचा म्हटलं की पुण्यात लोक आधी चादरी आणि शेंगा चटणीची ऑर्डर देतात. हल्ली त्यात तिसरा विषय आलाय. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी आमच्या चिंचोली एमआयडीसीतून सुमारे साडेअठरा टन इफेड्रिन पकडलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी तिथेच एमडी, म्हणजे मेफेड्रोन बनवणारा कारखाना पकडला. तेव्हापासून "काय रे, चादरीत गुंडाळून काय देता तुम्ही?" हा विनोद लंच टेबलावर कितीतरी वेळा ऐकून झालाय.

विनोदाचं काही नाही. पण हसून झालं की कुणीतरी हळूच म्हणतं, "पार्टीत एखाद्या वेळी घेतलं तर काय होतंय?" या 'काय होतंय'चं उत्तर शोधण्यात एक अख्खा वीकेंड गेला. सुरुवात करावी लागली या सगळ्यांच्या थोरल्या भावापासून, म्हणजे कोकेनपासून.

साल १८८४, गाव व्हिएन्ना. सिग्मंड फ्रॉइडने (हो, तोच!) कोकेनचं कौतुक करणारा निबंध छापला. त्याच वर्षी त्याचा मित्र कार्ल कोलर याच्या लक्षात आलं की कोकेनचे थेंब टाकले की डोळा बधिर होतो. तोपर्यंत डोळ्याचं ऑपरेशन पेशंट शुद्धीवर असताना, वेदना सोसत व्हायचं. कोकेन मज्जातंतूंतली सोडियमची दारं बंद करतं, त्यामुळे वेदनेचा सिग्नल पुढे जातच नाही. शिवाय ते रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून रक्तस्रावही कमी. सर्जनला आणखी काय पाहिजे?

हे औषध लवकरच हिंदुस्थानात आलं आणि दवाखान्यातून बाजारात उतरलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्ता, मुंबई, दिल्लीत लोक ते चक्क पानातून खात! यात गंमत अशी की पानातला चुना अल्कधर्मी असतो, आणि त्यामुळे कोकेन तोंडाच्या आतल्या त्वचेतून चटकन शोषलं जातं. पेरू-बोलिव्हियातले लोक कोकाची पानं चुना किंवा राख लावूनच चघळतात. हजारो मैलांवरच्या दोन समाजांना एकच केमिस्ट्री सापडली होती. माल खरा की खोटा, हे गिऱ्हाईक जीभ बधिर होते का यावरून ठरवायचं. सरकारने निर्बंध घातले, तर माल बंदरांतून चोरून येऊ लागला. पुढे १९३० चा डेंजरस ड्रग्ज ॲक्ट आला आणि १९८५ चा एनडीपीएस.

आता मुद्द्याचं. जीभ बधिर करणारा पदार्थ मेंदूत गेल्यावर काय करतो?

मेंदूतल्या पेशी एकमेकींना डोपामाईन आणि नॉरॲड्रेनलिन सोडून निरोप देतात आणि काम झालं की ते परत ओढून घेतात. कोकेन हा परतीचा पंपच बंद करतं. साचलेल्या डोपामाईनमुळे भारी वाटतं. पण साचलेलं नॉरॲड्रेनलिन रक्तवाहिन्या आवळतं. म्हणजे हॉस्पिटलात जो गुण होता, तोच मेंदूत अवगुण. ज्या गावात चार-चार दिवसांनी नळाला पाणी यायचं तिथे मी वाढलोय, त्यामुळे हे मला लगेच कळलं. घरात पाहुणे आलेत, पाणी जास्त लागतंय आणि नेमका तेव्हाच कुणी व्हॉल्व्ह अर्धा फिरवला! उत्तेजित पेशींना जास्त रक्त हवं असतं आणि नळी बारीक झालेली असते.

हे नुसतं तर्काचं नाही. १९८८ मध्ये नोरा व्होल्कोव यांनी (या ट्रॉट्स्कीच्या पणती!) नेहमी कोकेन घेणाऱ्यांचे मेंदू पेट स्कॅनवर पाहिले. मेंदूत जागोजागी रक्तप्रवाह कमी होता आणि दहा दिवस कोकेन बंद ठेवल्यावरही तो सुधारला नव्हता. १९९८ मध्ये अमेरिकेत २४ निरोगी पुरुषांवर प्रयोग झाला. कमी डोस देऊनही एमआरआयवर मेंदूतल्या धमन्या आवळलेल्या दिसल्या. डोस वाढला की परिणाम वाढला आणि ज्यांनी आधी जास्त वेळा घेतलं होतं त्यांच्यात तो जास्त दिसला. त्या पुरुषांचं सरासरी वय होतं २९. म्हणजे आपल्याच टेबलावरची मंडळी.

म्हणूनच कोकेनमुळे तिशीच्या आतही स्ट्रोक येऊ शकतो. कधी नळी बंद होऊन, कधी वाढलेल्या ब्लडप्रेशरने फुटून.

आणि सोलापूरचं काय? इफेड्रिन जपानी शास्त्रज्ञ नागाई यांनी १८८५ मध्ये एका वनस्पतीतून वेगळं काढलं. सर्दीत ते नाक मोकळं करतं, कारण नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं. पुन्हा तोच गुण! १८९३ मध्ये त्यांनीच त्यापासून मेथॲम्फेटामाईन बनवलं. एमडी १९२९ पासून कागदोपत्री आहे. २०१५ मध्ये ते एनडीपीएसच्या यादीत आलं. रेणू वेगळे, पण खेळ त्याच डोपामाईनशी आणि नॉरॲड्रेनलिनशी.

फ्रॉइडने मॉर्फिनची सवय सोडवायला आपल्या एका मित्राला कोकेन दिलं होतं. त्या मित्राला दोन्हींचं व्यसन लागलं आणि १८९१ मध्ये तो गेला. फ्रॉइडलाही तेव्हा वाटलं असेल, काय होतंय?

असो. पुढच्या वेळी लंच टेबलावर कुणी विचारलं, तर चादरीच्या विनोदावर मी हसेनच. पण दुसऱ्या प्रश्नाला आता माझ्याकडे उत्तर आहे.