खुराड्याखालचे खत

खारेपाटणचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते ताम्रपटांमुळे. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याने शके ९३०, म्हणजे इ.स. १००८ साली दिलेले दानपत्र इथे सापडले. जवळच्याच पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ते १८४०च्या दशकात वाचून प्रसिद्ध केले. अव्वेश्वराच्या देवळाला दिलेल्या या दानात गावे आहेत, परदेशी गलबतांमागे सोन्याचा एक गद्याण आहे आणि तेली-कुंभारांबरोबर माळ्याचे एक कुटुंबही आहे. पुढे सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज लेखक बार्बोझा या बंदराला ‘आरापाटण’ म्हणतो. मलबारची गलबते इथून स्वस्त तांदूळ आणि भाजीपाला भरून नेत, असे तो सांगतो.

तेव्हा तांब्यावर माळी आहे आणि गलबताच्या पोटात भाजी आहे. ती भाजी कशाच्या जोरावर पिकत होती, हा प्रश्न मात्र आमच्या भागावर लिहिणाऱ्यांनी फारसा विचारलेला नाही. कोकणची जांभी जमीन आंबट आणि भुकेली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस तिच्यावरून धावतो आणि नत्र धुऊन नेतो. इथे खताशिवाय दुसरे पीक नाही.

भाताच्या खताचा इतिहास कागदोपत्री भरपूर सापडतो. तरव्याच्या जागेवर टाळ, पातेरा, गवत आणि शेण पसरून उन्हाळ्यात जाळायचे, हा राब. भाजावळीच्या दिवसांत अजूनही सगळे रान धुरकट दिसते. मुंबई सरकारच्या १८८०च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये शेतीच्या वर्णनात राब आहे. ठाणे-कुलाब्यात जंगलखात्याने टाळ तोडण्यावर बंधने आणली तेव्हा एवढी ओरड झाली की १८८५ साली सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७चा. महात्मा फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरावरचा कुजलेला पालापाचोळा आणि मेलेल्या जनावरांचे सत्त्व पुराबरोबर वाहून जाऊ नये म्हणून बंधारे घालायला सांगितले, तेही याच काळात. खत म्हणजे जंगलावरचा हक्क होता, म्हणून त्याची दप्तरे झाली.

कोंबडीच्या खताचे दप्तर झाले नाही. खोती गावांत कुळाकडून भाताचा निम्मा हिस्सा घेतला की अर्धेल आणि तिसरा घेतला की तिर्धेल. कोणाच्या खुराड्याखाली काय साठले, याच्याशी खोताला कर्तव्य नव्हते. ज्यावर हिस्सा नाही त्याची नोंद नाही. शिवाय हा व्यवहार बायकांचा. कोंबड्या घरच्या बाईच्या, अंडी विकून आलेले पैसेही बहुधा तिचेच आणि खुराडे झाडणेही तिच्याकडेच.

ग्रंथांतही तेच. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त झाडांसाठी शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांची पूड, तीळ, सातू, मांस आणि पाणी यांचे मिश्रण सात रात्री मुरवायला सांगितले आहे, त्या कृतीत कोंबडी नाही. उलट पहिल्या शतकातला रोमन लेखक कोलुमेला खतांची प्रतवारी लावताना पारव्यांना पहिला आणि कोंबड्यांना दुसरा मान देतो. पाणथळीतले पक्षी, बदके आणि हंस, तो बाद ठरवतो. हा फरक ज्ञानाचा नसून लिहिणाऱ्याच्या अंगणाचा आहे, असे माझे मत आहे. मनुस्मृतीने गावकोंबडा द्विजांना निषिद्ध ठरवला. ज्यांच्या हातात लेखणी त्यांच्या परसात खुराडे नव्हते. ज्यांच्या परसात होते त्या कुणबी, मराठा, महार, मुसलमान घरांतल्या बायकांना लेखणी फार उशिरा मिळाली.

म्हणून या विषयाची साधने तोंडी आहेत. गेली काही वर्षे खारेपाटण आणि आसपासच्या वाड्यांवर मी वयस्क बायकांना हेच विचारत फिरलो. (आधी सगळ्या हसतात. ताम्रपट सोडून हा माणूस कोंबड्यांची घाण विचारतो!) उत्तरे बरीचशी सारखी आली. खुराड्याखाली भाताचे तूस टाकायचे. आठ-पंधरा दिवसांनी तूस आणि शीट एकत्र खरवडून गायरीत, शेणाबरोबर ढकलायचे. दिवसा कोंबड्या त्याच गायरीत अळ्या टिपत तो ढीग उकरत राहतात, म्हणजे खालीवर करण्याचे कामही होते. मिरची, लाल माठ, पडवळ यांना हे खत. माडाला मात्र तारलीसारखी स्वस्त मासळी आणि मीठ. ताजी शीट थेट आळ्यात घालायची वेळ आलीच तर एक अट होती. ‘चुलीतली राख मारूक व्हयी, नायतर मुळा करपतत,’ असे एकीने सांगितले.

इथे थोडे थांबतो. रसायनशास्त्र सांगते की कोंबडीच्या शिटेत राख मिसळू नये. पक्ष्यांचे मूत्र वेगळे पडत नाही. त्यातले युरिक आम्ल विघटून अमोनिया होतो आणि राखेच्या क्षारामुळे तो झपाट्याने हवेत उडतो. म्हणजे नत्र गेले. पण मुळे करपवणारा ऐवजही तोच अमोनिया. शिवाय राखेने शीट कोरडी होते, माश्या घटतात, पालाश मिळते आणि आंबट जमिनीचा आंबटपणा उतरतो. त्या बाईने थोडे नत्र घालवून रोप वाचवले. आठ गावठी कोंबड्यांच्या घरात वर्षाकाठी सुकलेले खत माझ्या अंदाजाने वीस-पंचवीस किलो निघे. एवढ्याशा भांडवलावर केलेला हा सौदा मला शहाणपणाचा वाटतो.

भांडवल वाढले ते पोल्ट्री आल्यावर. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे घाटावर हजारो पक्ष्यांच्या शेड उभ्या राहिल्या आणि खत हा विकाऊ माल झाला. शेणखत आणि लेंडीखत हे जुने शब्द. ‘कोंबडीखत’ हा शब्द मला या शेडबरोबर रुळलेला दिसतो. शेतकी पुस्तकांत त्यात नत्र सुमारे ३ टक्के, स्फुरद २.६ आणि पालाश १.४ टक्के धरतात. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का.

आज घाट उतरून त्याच्या गोण्या आमच्याकडे आंब्या-काजूच्या बागांना येतात. काही बागाईतदार मेअखेरीस ते कच्चेच कलमांच्या बुंध्याशी ओततात. जूनचे पहिले दोन मोठे पाऊस झाले की त्यातले बरेचसे ओढ्यांवाटे शुक नदीत उतरते. वाडीतल्या काही बायका मात्र विकतची गोणीसुद्धा आधी गायरीत रिकामी करतात, वर पेंढा टाकतात आणि दीड-दोन महिने तिला हात लावत नाहीत.